ओवीचं माप

वरद गेल्यावर तीन वर्षांनी त्याची बायको सुमती त्याचा पेनड्राइव्ह घेऊन शेलारच्या वर्कशॉपमध्ये आली. त्यांच्या मुलीच्या, ओवीच्या कमजोर पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा वरदने इथल्याच मशीनवर बनवला होता, बाजारातल्यापेक्षा हलका. आता ओवी आठ वर्षांची झाली होती आणि तो सांधा तिला लहान पडत होता.

वरदच्या जोडीला काम केलेल्या भूपेशने फाईल उघडली. स्क्रीनवर नुसत्या आकड्यांच्या ओळी आल्या.

"वहिनी, हा मशीनचा कोड आहे. टूल कुठून कुठे फिरवायचं, एवढंच यात असतं. माप वाढवायचं तर वरदने कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाईन पायजे."

"ते ह्यांच्या लॅपटॉपमध्ये होतं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही."

"मला तर फक्त मशीन चालवता येतं हो. आणि चालवलं तरी पुन्हा तेवढाच सांधा निघणार, पाच वर्षांच्या ओवीचा."



"मग तेवढाच काढून द्या, भावोजी," सुमती म्हणाली. "धाकट्या तनयाला बसेल. तिच्याही पायाला ओवीसारखंच दुखणं निघालंय. काल रिपोर्ट आला."