गाळलेली दोन पानं

आईला आता दिसत नाही, म्हणून सुईणीवरची ऐतिहासिक कादंबरी मीच वाचून दाखवते. चाळीस वर्षं आईनेही सुईणीचंच काम केलेलं. चुका काढायला टपलेलीच असते. "हात चोळून गरम केल्याशिवाय पोटाला लावायचे नाहीत, बरोबर लिहिलंय!" पुढे सुईणीच्या मुलीलाच कळा येतात आणि ती आईला हाक मारते. तिथे मी गुपचूप दोन पानं गाळली. "थांब गं! पहिलटकरीण ना ती? कळा आल्या नि लगेच बाळ रडलं?" पानं मागे उलटली आणि त्या हाकेपाशीच अडले. माझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आई सुईण आहेत ना? येऊ देत आत." मी म्हणाले होते, "तिला यातलं काय कळतंय!" आईने चाचपडत माझा हात धरला. "ऐकलं होतं मी तेव्हा. तरी दाराबाहेर हात चोळत बसले. म्हटलं, हाक मारलीस तर गार नकोत."