पडद्यावरचा सवाल

महाडच्या बाजारातल्या भाताच्या गोदामात दुपारचा खेळ चालू होता. खिडक्यांवर गोणपाटं ठोकली होती. बोलपटातलं शेवटचं गाणं सुरू झालं आणि मागे बसलेला कोंडाजी शाहीर ताठ झाला.

'पाण्याच्या पोटी तहान जन्मली, सांगा तिची माय कोण?'

गाणं कोंडाजीचं. पडद्यावर ते गात होता त्याचाच शिष्य महिपत. पाच वर्षांपूर्वी कोंडाजीच्या गावातून, कुडपणहून, मुंबईला पळाला तो हे गाणं घेऊनच. कवी म्हणून नावही त्याने स्वतःचंच लावलं होतं. आज तो जातीने खेळाला आला होता आणि पुढच्या खुर्चीत गळ्यात हार घालून बसला होता.

खेळ संपला. गोणपाटं निघाली. टाळ्या थांबेपर्यंत कोंडाजीने वाट पाहिली, मग तो उठला.

"म्हयपत, सवाल बेस टाकलास. आता जबाब दे."

डोंगरातल्या माणसांना काही समजावून सांगायला नको होतं. फडात जो सवाल टाकतो त्याला जबाब यायलाच हवा, नाहीतर डोक्यावरचं उतरवायचं आणि पुन्हा डफाला हात लावायचा नाही. पण जबाब गुरू अगदी शेवटी शिकवतो. महिपत त्याआधीच पळाला होता.

"बुवा, शिनेमात जबाब लागत नाय," महिपत हसला.

"हितं लागतो."

मागून वरंध गावची माणसं ओरडली, "जबाब! जबाब!" महिपतने इकडेतिकडे पाहिलं आणि काळी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोंडाजीला इतका आनंद झाला, की त्याने स्वतःचा फेटा दोन्ही हातांनी सारखा केला.

बाहेर महिपतने त्याचे पाय धरले. "बुवा, चुकलं माझं. मुंबईतबी समदे हेच इचारतात. तेवढा जबाब सांगा. फुडच्या बोलपटात तुमचं नाव लावून गातो. आख्खा मुलूख ऐकंल."

कोंडाजी थबकला. जबाबाचं कडवं हे त्याने आयुष्यात रचलेलं सगळ्यात चांगलं कडवं होतं. ते मुलखाने ऐकावं असं त्याला फार वाटत होतं.

"इचारू दे लोकांना," तो म्हणाला. "तू मरंस्तवर इचारू दे."

घाट चढताना, खेळाला सोबत आलेली त्याची बायको साळूबाई म्हणाली, "मला तरी म्हनून दावा."

कोंडाजीने वाटेवर मागेपुढे कोणी आहे का ते पाहिलं.

"नको गो," तो म्हणाला. "तू जात्यावर म्हनशील, आनि त्याला मुंबईत कळंल."