मोजायची टेप

पिंप्राळ्यातल्या आमच्या जिममध्ये चरबी मोजायचं मशीन आलं, तशी मी मोजायची टेप ड्रॉवरमध्ये टाकून दिली. "काकू, पोट आत ओढू नका" म्हणायची कटकट गेली. आता बाई मशीनवर उभी राहिली, की चरबी किती, स्नायू किती, बठ्ठं पडद्यावर. ते बघायचं आणि जिचा तिचा व्यायाम आखून द्यायचा.

आज लीलाअक्कांची महिन्याची मोजणी होती. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असतात. मुलगा सुरतेहून रोज व्हिडिओ कॉल करतो.

"चरबी उतरली, अक्का! आता वजनं वाढवू."

"मशीनचं राहू दे. टेपनं मोज."

"अहो, टेपमध्ये चूक होते."

"होऊ दे."

म्हातारीचा हट्ट, म्हणून काढली टेप. दंडाला गुंडाळली, आकडा पाहिला आणि सोडली. अक्कांनी डोळे मिटले होते. ते न उघडताच त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"दोन्ही दंड सारखेच भरतात, अक्का."

"घाई नको करू, माय. महिन्यातून एकदाच कुणाचा हात लागतो अंगाला."