पोवारमामांची तार

क्वाड बाइक पुन्हा एका भिंतीपाशी थांबली आणि तिनं काळीकुट्ट पिचकारी मारली. निलांबरीनं नाक मुरडलं. उद्या तिची शर्यत होती.

"शी, मामा, हे काय शिकवलंत हिला?"

पोवारमामांनी तंबाखूचा बार या गालातून त्या गालात सरकवला. "अगं, माप झकास बसलंय. जरा थुंकते, एवढंच."

इंजिनांना चव कळायला लागल्यापासून पेट्रोल-हवेचं माप मेकॅनिक इंजिनाला जोडलेली तार दातात धरूनच लावायचे. जिभेला जे लागेल, ते इंजिन शिकायचं. आधी खळखळून चूळ भरायची, एवढा एकच नियम. मामांनी नेमका तोच मोडला होता.

"आता तूच धर. तुझं तोंड स्वच्छ आहे," म्हणत मामांनी लाळेनं बुळबुळीत झालेली तार शर्टाला पुसून पुढं केली.

निलांबरीनं डोळे मिटून ती दातात धरली. पोटातलं सगळं घशाशी आलं. इंजिनानं तिची किळस जशीच्या तशी उचलली. थुंकणं थांबलं, पण मामा जवळ आले की बाइक जीव घेऊन पळायला लागली.

दुसऱ्या दिवशी निलांबरीनं मामांना ताजा बार भरायला लावला आणि सुरुवातीच्या रेषेवर बरोबर बाइकच्या मागे उभं केलं.