कायमचं कार्ड

शर्टाचं दुसरं बटण ओदाइरला काही केल्या लागेना. तीनदा सटकलं. शेवटी त्यानं हात खाली सोडले आणि बायकोला हाक मारली.

"ये गं नेउझा, या तुझ्या थोराड बाळाला कपडे घाल. चर्चला उशीर झाला तर पास्टर सगळ्यांसमोर पहिल्या बाकावर बसवतील."

नेउझा पुढं झाली. बटण हातात घेतलं, पण त्याच्या तोंडाकडं बघायला तिची मान काही वर होईना.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. पाच वर्षं मांसाच्या कारखान्यात, बर्फासारख्या खोलीत उभं राहून हाडावरचं मांस सोडवायचं, म्हणजे दुसरं काय होणार? डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, सुरी खाली ठेव, नाहीतर हात जाईल. ओदाइरनं मुकाट मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कामावर हजर.

न जाऊन सांगतो कुणाला! नेउझाचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड त्याच्या नोकरीवर उभं होतं. त्याचे पणजोबा इटलीहून ब्राझीलला आलेले, त्या पुण्याईवर त्याला इटलीचा पासपोर्ट मिळाला होता. इटली त्यानं कधी पाहिली नव्हती आणि तिथल्या भाषेतलं म्हणाल तर पिझ्झापलीकडं त्याला काही येत नव्हतं. पण कागदावर तो युरोपचा नागरिक आणि ती त्याची बायको. तो आयर्लंडमध्ये कामावर होता म्हणून तिलाही इथं काम करायची मुभा होती. पाच वर्षं भरली, अर्ज मंजूर झाला, की कार्ड कायमचं तिचं. मग नवऱ्यानं सुरी ठेवली काय नि देश सोडला काय.

आणि देश सोडायचं तर तो रोज जेवताना बोलायचा. "तुझं कायमचं कार्ड येऊ दे, या गारठ्यात मी एक दिवस राहायचा नाही." तिकडं ब्राझीलमध्ये, गोयासला, त्याच्या बापाच्या सोळा गाई होत्या. नेउझाला मात्र परतायचं नव्हतं. गोयासला ती लोकांच्या फरश्या पुसायची. इथं वृद्धाश्रमात एक अख्खा मजला तिच्या हाताखाली होता, आणि दोन-तीन म्हाताऱ्या तर तिच्याशिवाय कुणाच्या हातचं औषध घेत नसत. तो गेला असता तर एकटाच गेला असता. हे दोघंही ओळखून होते आणि दोघंही बोलत नव्हते.

मंजुरीचं पत्र मार्चमध्येच आलं होतं. आता ऑगस्ट लागला होता. पत्र नेउझाच्या वृद्धाश्रमातल्या कपाटात, जादाच्या चपलांखाली पडून होतं. ते फक्त तिथं काम करणाऱ्या सेल्माला ठाऊक होतं.

"सांगू नकोस बाई," सेल्मा म्हणाली होती. "पुरुषाला उघडं दार दाखवू नये."

तिनं दाखवलं नव्हतं. पण पाच महिने पहाटे त्याच्या डब्यात भात आणि काळा घेवडा भरताना तिला त्याच्या बोटांकडं बघवत नव्हतं. आधी तो विचारायचा, "आलं का गं पत्र?" ती म्हणायची, "सरकारी काम आहे, वेळ लागतो." मग त्यानं विचारणंही सोडलं, तेव्हा तिला आणखीच लाज वाटली. आपण या माणसाचा हात विकून त्याला जवळ ठेवतोय, हे तिला कळत होतं.

बटण लागलं. तिनं तिसरं हातात घेतलं.

"पत्र आलंय ओदाइर," ती त्याच्या छातीकडं बघतच म्हणाली. "मार्चमध्येच आलं. मी लपवलं. तू निघून जाशील म्हणून."

ओदाइर डाव्या हातानं कॉलर नीट करत राहिला.

"ओरड तरी माझ्यावर."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

तिनं आता कुठं मान वर केली.

"हात दुखतो म्हणून त्या दिवशी लवकर घरी आलो होतो. पाकीट दारातच पडलेलं. त्यावर तुझं नाव, सरकारी शिक्का. म्हटलं, तिच्या हातानं उघडू दे. तिथंच ठेवलं आणि केक आणायला गेलो. परत आलो तर तू म्हणालीस, टपालात विजेचं बिल तेवढं आलंय."

"आणि तरी कामावर जात राहिलास? डोकं फिरलंय का तुझं? हात गेला असता."

ओदाइर खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यावर ब्राझीलची दोन-तीन कुटुंबं चर्चच्या दिशेनं निघाली होती.

"कारखान्यात सगळे म्हणायचे, कार्ड मिळालं की बायका नवऱ्याला ओळख दाखवत नाहीत. मलाही धास्ती होतीच. ते गाईंचं मी रोज बोलायचो ना, ते तू कधीतरी 'जाऊ नकोस' म्हणशील म्हणून. पाच वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस." तो जरासा हसला. "पत्र लपवलंस तेव्हा कळलं, हिला मी हवाय. मग म्हटलं, हाताचं काय एवढं."

नेउझानं त्याचा शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

ओदाइरनं तिचे हात हळूच बाजूला केले.

"आणि आज सांगितलंस," तो म्हणाला. "म्हणजे आता मी गेलो तर चालेल तुला?"