बाबांचं घड्याळ

घड्याळाकडून डॉक्टरांच्या फोनवर: रुग्णाच्या हृदयाचे ठोके आठवडाभर अनियमित आहेत. तातडीने तपासा.

लेकीकडून बाबांना: आजचा फेरफटका बंद. आधी डॉक्टरांकडे जा. हट्ट नको, बाबा.

बाबा आले, सोबत आईही आली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, खात्रीसाठी पुन्हा काढला. कुठेच काही सापडलं नाही.

"काका, हृदय ठणठणीत आहे तुमचं. ही यंत्रं कधीकधी उगाच घाबरवतात. ती सूचनाच मी बंद करून टाकतो."

आईने सुटकेचा श्वास सोडला.

"नुसता जिवाला घोर," जिना उतरताना बाबा कुरकुरले. "मला काही झालेलं नाही, हे मी ओरडून सांगत होतो. पण ऐकतंय कोण?"

मागून आई कठडा धरून, दर दोन पायऱ्यांवर थांबत उतरत होती. ती खाली पोचेपर्यंत बाबांनी मनगटावरचं घड्याळ सोडून ठेवलं होतं. ते त्यांनी तिच्यापुढे धरलं.



"घे, उद्यापासून परत तूच घालून फिरायला जात जा. मी दिवसभर घरात बसून असतो हे लेकीला कळलं, तर ती माझं डोकं खाईल."