डुलणारी घोडी

"त्याचा सगळा जीव तबेल्यात असतो. चार पायांची सवत मिळणार बघ तुला!" लग्न ठरलं तेव्हा मोठ्या नणंदेने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

मग तो घोडे सांभाळतो त्या तबेल्यात एक तांबडी घोडी आली. दिवसभर दारातून मान काढून डावीकडे-उजवीकडे डुलत राहायची. तबेल्याचा मालक म्हणाला, "दाराला गज ठोका, खोड मोडेल." माझा नवरा उखडलाच. "खोड कसली? कोंडून पडलीय बिचारी, एकटी आहे. गज लावलात तर आत डुलेल." त्याने शेजारच्या घोड्याकडची भिंत फोडून तिला खिडकी करून दिली. चारा दिवसातून पाचदा, थोडा थोडा. रोज सकाळी मोकळ्या माळावर फेरी. जेवतानाही तिचंच कौतुक, "आज दोनदाच डुलली!" बाळाला खांद्यावर थोपटत मी ऐकायची आणि आतल्या आत जळायची. बाळ झाल्यापासून तीन महिन्यांत मी उंबरा ओलांडला नव्हता. मला कुणी फेरीला नेलं होतं?

काल तो दुपारीच घरी आला. मी खिडकीशी उभी होते. दारातच थबकून तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"बाळ कुठंय?"

"पाळण्यात. आत्ताच झोपलंय, हळू बोल."

"मग तू कुणाला डोलवतेयस?"

मी खाली पाहिलं. हात रिकामे होते आणि पाय अजून थांबले नव्हते.

तुमच्या ओळखीत कुणी नुकती बाळंत झाली असेल, तर आज जाऊन या. बाळ बघून झालं की लगेच उठू नका. थोडा वेळ तिच्याकडे बघा.